विंचवाचा उतारा आणि सापाचा उतारा

आमच्या गावची ग्रामसभा सहसा गटारावरून सुरू होते आणि पाण्याच्या टाकीपाशी संपते. मागच्या सभेत मात्र दीड तास दवाखान्यावरून भांडण झालं. गाव पाटण खोऱ्यातलं. कराडला जायचं तर एसटी नाहीतर वडाप, आणि दोन्ही चुकली तर कुणाची तरी मोटारसायकल. विषयपत्रिकेवर ठराव असा होता की उपकेंद्रात इंटरनेट, टॅब आणि मोठा स्क्रीन बसवावा, म्हणजे पेशंटला तिथूनच लांबच्या डॉक्टरांशी बोलता येईल. पुण्यात कंपनीत असलेला एक पोरगा उठून म्हणाला, "काका, डॉक्टर आता फोनमध्येच आलाय. इमारत कशाला नि रिकामी पदं भरा म्हणून मोर्चे कशाला?" मागून एक बापू गरजले, "फोननं बाळातपण हुतंय व्हय रं?" सभा हसली. दोघांनाही टाळ्या पडल्या आणि वाद तिथंच रुतून बसला.

मी एकतीस वर्षं सरकारी आरोग्य केंद्रांत औषधं वाटली. मला दोघांचंही म्हणणं सारखंच अर्धवट वाटतं, कारण दोघंही 'आजारपण' ही एकच वस्तू धरून बोलतात. त्या वेळी, त्या गावात, त्या आजाराला नेमकं काय कमी पडतंय, हे कुणी विचारतच नाही. काही ठिकाणी फक्त माहिती कमी पडते. तिथं फोन कमाल करतो. काही ठिकाणी हात कमी पडतो, सुई, सलाईन, रक्त कमी पडतं. तिथं फोन फार तर गाडी बोलावतो. आणि काही ठिकाणी उपचार सुरू होतात पण मधेच सुटतात. तिथं फोन उपयोगी पडतो, पण तो लावायचा पगार कुणाला तरी मिळत असेल तरच. म्हणून स्क्रीन बसवायला माझा पाठिंबा आहे. त्या स्क्रीनच्या नावाखाली एक जरी पद रिकामं ठेवणार असाल, तर मात्र विरोध.

विंचवाचंच घ्या. घाटाखाली कोकणात महाड आहे. तिथं डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन वापरून दाखवलं. ही मुळात रक्तदाबाची गोळी, स्वस्त, तोंडानं घ्यायची. कोकणात अशा दंशानं दगावणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ४० टक्के होतं, ते एका टक्क्याच्या आसपास आलं. आता विचार करा, हे ज्ञान महाडहून घाटमाथ्यावरच्या एखाद्या नवख्या वैद्यकीय अधिकाऱ्यापर्यंत पोचायला काय लागतं? रात्री अकरा वाजता त्याच्यासमोर घामानं भिजलेलं, हातपाय गार पडलेलं पोर आहे. गोळी कपाटात आहे. ती किती द्यायची, कधी पुन्हा द्यायची, काय बघत राहायचं, एवढंच त्याला हवंय. एका फोनचं काम आहे. पुस्तक उघडण्यापेक्षा ते लवकर होतं.

आता साप घ्या. मण्यार रात्री झोपेत चावते, बहुधा दुखतही नाही, पहाटे पापण्या मिटायला लागतात. लांबचा डॉक्टर स्क्रीनवर त्या पापण्या बघून अचूक सांगेल की हा मण्यारीचा दंश आहे. पुढं? प्रतिविष शिरेतूनच द्यावं लागतं. त्याची रिॲक्शन आली तर ॲड्रेनलिन हाताशी लागतं. श्वास बसायला लागला तर नळी घालणारा माणूस लागतो. यातली एकही गोष्ट फायबरच्या वायरीतून येत नाही. निदान बरोबर आणि माणूस मात्र गेला, असं होऊ शकतं. म्हणजे चावा तोच, रात्र तीच, गाव तेच. पण विंचवाचा उतारा फोनवरून सांगता येतो आणि सापाचा येत नाही. आमच्या सभेत पोरगा विंचवाबद्दल बोलत होता आणि बापू सापाबद्दल, एवढाच काय तो तंटा.

पोराच्या बाजूनं जितकं बोलता येईल तितकं बोलतो, कारण ते खरं आहे. डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि २०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावं असं सरकारी मानक सांगतं. पण लोकसंख्या मोजून अंतर कळत नाही. कोयनेच्या शिवसागर जलाशयापलीकडचं कांदाटी खोरं बघा. नकाशावर बामणोली समोर दिसते, मधे पाणी आहे, लाँच आहे, आणि अंधार पडला की तेवढाही भरवसा नाही. तिथल्या माणसाला बीपीची गोळी बदलायला अख्खा दिवस मोडायचा, मजुरी बुडवायची आणि सोबतच्याचीही बुडवायची, याला काय अर्थ आहे? बायकांना एसटीचं अर्धं तिकीट झालं, चांगलं झालं. पण बुडालेल्या मजुरीचं अर्धं तिकीट कुणी काढत नाही. २०२० च्या मार्चमध्ये, टाळेबंदीच्या तोंडावर, देशात दूरवैद्यकाचे नियम आले. एप्रिलमध्ये ई-संजीवनीची घरबसल्या ओपीडी सुरू झाली. त्या दिवसांत कितीतरी लोकांना डॉक्टरांचा आवाज तेवढाच काय तो ऐकायला मिळाला. हे उपकार विसरायचे नाहीत.

फोनमधून फक्त सल्लाच जातो असंही नाही. टांझानियात दार-ए-सलाममधल्या सीसीबीआरटी या रुग्णालयात अडलेल्या बाळंतपणामुळं फिस्टुला झालेल्या, म्हणजे मूत्राशय आणि योनीमार्गाच्या मधे भोक पडलेल्या बायकांवर शस्त्रक्रिया होते. या बायकांना लघवी धरून ठेवता येत नाही, नवरे टाकून देतात, गाव बाजूला बसवतं. शस्त्रक्रिया फुकट होती, तरी बायका येत नव्हत्या. अडलं होतं बसच्या भाड्यापाशी. मग रुग्णालयानं गावोगावच्या माणसांना जोडून घेतलं. कुणी अशी बाई शोधून कळवली की एम-पेसा या फोनवरून पैसे पाठवायच्या सेवेतून त्या माणसाकडं भाडं जायचं, तो तिला बसमध्ये बसवायचा. बाई रुग्णालयात पोचली की त्यालाही मोबदला. इथं फोननं ना निदान केलं, ना उपचार. नुसतं भाडं पोचवलं. आमच्याकडं जत-आटपाडीच्या शेवटच्या वाडीतल्या माणसाला महात्मा फुले योजनेत शस्त्रक्रिया फुकट होईल हे ठाऊक असतं. मिरजेला जायचं कसं, तिथं चार दिवस जेवायचं काय, याचं उत्तर योजनेच्या फलकावर नसतं. ॲप काढणाऱ्यांना हे सुचत नाही, कारण ॲप काढणारा कधी भाड्यासाठी अडलेला नसतो.

आणि आता केनियाची गोष्ट, जी मी आमच्या सभेत सांगायचा प्रयत्न केला आणि निम्मीच सांगता आली. तिथल्या तीन दवाखान्यांत एचआयव्हीची औषधं नव्यानं सुरू केलेले ५३८ रुग्ण घेतले. निम्म्यांना दर आठवड्याला एक मेसेज जायचा. त्यात औषधाचं नाव नाही, रोगाचं नाव नाही. नुसतं 'मंबो?' म्हणजे आपलं 'काय, बरं हाय नव्हं?' रुग्णानं दोन दिवसांत उत्तर द्यायचं: 'सावा' म्हणजे बरंय, 'शिडा' म्हणजे अडचण आहे. ज्यानं 'शिडा' कळवलं किंवा काहीच कळवलं नाही, त्याला दवाखान्यातून फोन जायचा. वर्षानंतर मेसेज जाणाऱ्यांपैकी ६२ टक्के लोक औषधं नीट घेत होते, बाकीच्यांत ५० टक्के. २०१० मध्ये हा अभ्यास छापून आला आणि जगभर बोलबाला झाला: बघा, मेसेजनं माणूस औषध घेतो! मग कॅमेरूनमध्ये याऊंदे शहरात २०० रुग्णांवर असाच प्रयोग झाला. दर आठवड्याला धीर देणारा, उमेद वाढवणारा मेसेज. फरक म्हणण्यासारखा पडला नाही. दोन देश, वेगवेगळे दवाखाने, कारणं अनेक असतील. पण एक फरक डोळ्यांत भरतो. केनियात प्रश्न विचारला होता आणि उत्तर न देणाऱ्याच्या मागे एक माणूस लागत होता. कॅमेरूनमध्ये मुख्यतः उपदेश जात होता. उपदेशाचे मेसेज तर आमच्या फोनवर रोज सकाळी फुलांसकट येतात, त्यानं कोण सुधारलंय?

आपल्याकडं क्षयरोगात असाच एक डोकेबाज उपाय निघाला. गोळ्यांच्या पाकिटात, गोळी काढल्यावरच दिसेल असा फोन नंबर छापायचा. रुग्णानं गोळी घेतली की त्या नंबरला मिस्ड कॉल द्यायचा, पैसे पडत नाहीत. मिस्ड कॉल ही आपल्या देशाचीच भाषा, म्हणून मला हा उपाय फार आवडला होता. पण मिस्ड कॉल देणारं बोट आणि गोळी गिळणारा घसा यांच्यात अंतर असतं. गोळी खिशात टाकून कॉल देता येतो, आणि गोळी खाऊन कॉल विसरताही येतो. कोण काय करतंय हे कळायला शेवटी कुणीतरी उंबऱ्यापर्यंत जावं लागतं. ती जाणारी बाई म्हणजे आशाताई.

इथून बापूंची बाजू सुरू होते, आणि ती त्यांच्या विनोदापेक्षा कितीतरी भक्कम आहे. २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाईल ढिगानं प्रकल्प कार्यालयांत परत नेऊन दिले. फोन तापायचे, अडकायचे, आणि ज्या ॲपात भरायचं ते इंग्रजीत. २०२३ च्या संपात आशाताईंचं एक गाऱ्हाणं ऑनलाइन कामांच्या सक्तीचंही होतं. शहरातल्या काही जणांनी याला 'तंत्रज्ञानाची भीती' म्हटलं. भीती कसली? ज्या बाईनं करोनात दारोदार जाऊन ऑक्सिजन मोजला, तिला फोनची भीती? आशांना २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं गौरवलं, आणि त्याच आशा मानधनासाठी पुन्हा पुन्हा रस्त्यावर बसल्या. तिच्या हातातला फोन पेशंटसाठी कमी आणि वरच्यांना आकडे पुरवण्यासाठी जास्त वाजतो, हे तिचं दुखणं आहे. संध्याकाळी रेंजसाठी टेकाडावर चढून फॉर्म भरणारी आशा मी पाहिली आहे. तेवढ्या वेळात तिच्या दोन बाळंतिणी बघून झाल्या असत्या.

दुसरा मुद्दा फोन कुणाच्या हातात असतो याचा. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सुमारे ५४ टक्के बायकांनीच सांगितलं की त्यांच्याकडं स्वतः वापरायचा मोबाईल आहे. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून मूल वर्षाचं होईपर्यंत दर आठवड्याला एक, असे ७२ ध्वनिसंदेश पाठवणारी 'किलकारी' ही सरकारी सेवा कल्पना म्हणून उत्तमच. आमच्या भागात मात्र नवरा माथाडी, वाशीच्या मार्केटात. नोंदणीला नंबर त्याचा. म्हणजे लोहाच्या गोळ्या कशा घ्याव्यात हे दुपारी कांद्याच्या गोण्या उतरवणाऱ्या गड्याच्या कानात सांगितलं जातं आणि पोटुशी बाई इकडं शेतात असते. जतच्या पूर्वेला घराघरांत कन्नड बोलतात. तिथं मराठी संदेश ऐकून म्हातारी मान डोलावते, एवढंच.

तिसरा मुद्दा सर्वांत अवघड आणि तो मी मोकळेपणानं मान्य करतो. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला लावली. १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष छापले: नवजात मृत्यूंचं प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी घटलं. त्या बायकांच्या हातात मोबाईल नव्हता. पिशवी होती, वजनकाटा होता, जंतुसंसर्गावरचं इंजेक्शन होतं आणि ते द्यायची मुभा होती. मग फोन हवाच कशाला, असं बापूंनी विचारलं तर?

मी म्हणेन, बापू, त्या गोष्टीतून फोनविरुद्ध निकाल लागत नाही, फोन कुणाला द्यायचा त्याचा निकाल लागतो. ज्या बाईकडं औषध, कसब आणि मुभा आहे तिला फोन दिला तर तिची पोच वाढते. मलावीतल्या नमिटेटे इथल्या सेंट गॅब्रिएल रुग्णालयानं २००८ च्या सुमारास ७५ आरोग्य कार्यकर्त्यांना साधे फोन दिले, स्मार्टफोनसुद्धा नाहीत. कुणाची औषधं संपली, कोण आजारी पडलंय हे मेसेजनं कळायला लागलं. नुसती विचारपूस करायला होणाऱ्या फेऱ्या वाचल्या, पेट्रोल वाचलं. तिथं नर्स होती, औषध होतं, मोटारसायकल होती. फोननं त्यांना एकमेकांचा पत्ता दिला. ज्या उपकेंद्रात कपाट रिकामं, तिथं हाच फोन काय करेल? मी सांगतो काय करतो. एका केंद्रावर स्क्रीनवरच्या डॉक्टरांनी पाच पेशंटना रक्तदाबाची गोळी लिहून दिली. चिठ्ठी छान छापून आली. गोळी आमच्याकडं महिनाभर नव्हती. तिघांनी गावातल्या मेडिकलमधून चार-चार दिवसांची घेतली, दोघांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. नोंदीत मात्र पाच यशस्वी सल्ले पडले.

हे नवं नाही. बंगालमध्ये १८९२ पासून पोस्टातून क्विनाइनच्या पुड्या विकायला सुरुवात झाली, पैशाला एक पुडी. कल्पना झकास: जिथं दवाखाना नाही तिथंही पोस्ट आहे, मग पोस्टमनच्या हातून हिवतापाचं औषध का नको? पुडी गावोगाव पोचली. पण एका पुडीत एका वेळची मात्रा, आणि ताप पुरता जायला कैक दिवस औषध लागायचं. किती घ्यायचं, कधीपर्यंत घ्यायचं, हे बघायला कुणी नव्हतं. पुड्यांचा खप मोजता येत होता, बरे झालेले मोजता येत नव्हते. ई-संजीवनीवर २०२३ च्या फेब्रुवारीपर्यंत १० कोटी सल्ले झाले असं सरकारनं अभिमानानं सांगितलं. अभिमान वाटायला हरकत नाही. त्यातल्या किती चिठ्ठ्यांवरचं औषध पोटात गेलं?

उलट बाजूचा दाखला आमच्या शेजारीच आहे. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेला मिशन हॉस्पिटल उभं केलं. रेल्वे तोवर मिरजेला आलेली होती. कुठकुठचे लोक गाडीत बसून शस्त्रक्रियेसाठी मिरजेला यायला लागले, आणि आज मिरज म्हटलं की दवाखाने आठवतात त्याचं मूळ तिथं आहे. पण तेव्हाही रेल्वे अनेक गावांना गेली, सगळी गावं मिरज झाली नाहीत. रुळाच्या टोकाला चाकू धरणारा हात होता म्हणून माणसं उतरली. त्याच रुळांवरून पुढच्या दोन-तीन वर्षांत मुंबईचा प्लेगही दख्खनभर फिरला. फोनचंही तसंच. करोनात लशीबद्दलच्या अफवा आमच्या खोऱ्यात डॉक्टरांच्या आधी पोचल्या होत्या, रेंज नसलेल्या वाड्यांतसुद्धा. त्या कशा गेल्या, देव जाणे.

पुण्याच्या पोराला आणखी एक सांगायचं राहिलं. आफ्रिकेतल्या युगांडात इतक्या संस्थांनी इतके मोबाईल-आरोग्य प्रयोग एकाच वेळी सुरू केले की २०१२ मध्ये तिथल्या आरोग्य खात्याला नव्या प्रयोगांवर चक्क बंदी घालावी लागली. प्रत्येकाचं ॲप वेगळं, फॉर्म वेगळा, आणि भरणारी नर्स तीच. आपल्याकडं बीडहून किंवा जतहून उसतोडीला आलेली गरोदर बाई कारखान्याच्या तळावरच्या कोपीत सहा महिने राहते. तिच्या तपासण्या एका तालुक्यात, बाळंतपण दुसऱ्यात. तिची नोंद फोनवरून तिच्यामागे कराडला, वाळव्याला आली आणि इथल्या आरोग्यसेविकेला एका नंबरवर सगळं दिसलं, तर याहून चांगलं काम त्या फोनचं कुठलं? त्यासाठी नवं ॲप नको. जुनी दोन एकमेकांशी बोलायला हवीत. तेवढं मात्र कुणाला करायचं नसतं, कारण जुनं नीट केल्याचं उद्घाटन होत नाही.

सभा शेवटी कंटाळली आणि ठराव मताला आला. मी त्यात दोन वाक्यं घालायला लावली. स्क्रीन बसवल्यामुळं आरोग्यसेविकेच्या रिक्त पदाची मागणी गावानं मागं घेतली असं समजू नये, हे एक. दर तीन महिन्यांनी ग्रामसभेपुढं कॉल किती झाले ते वाचू नये. लिहून दिलेल्या औषधांपैकी उपकेंद्रातच किती मिळाली तो आकडा वाचावा, हे दुसरं. बापूंनी हात वर केला. पोरानंही केला, जरा उशिरा. ग्रामसेवकांनी (त्यांचं पदनाम आता बदललंय, गावात ते अजून ग्रामसेवकच) मान डोलावली आणि पेनाचं टोपण लावलं. त्यांनी ती वाक्यं लिहून घेतली होती की टोपण आधीच लावलं होतं, हे मला माझ्या जागेवरून दिसलं नाही. पुढच्या सभेत पहिला विषय नेहमीप्रमाणं 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' हाच असेल. त्या दिवशी मी पुढच्या सतरंजीवर बसणार आहे.